मोठा आवाज आणि कंठाचें दुखणें

नागपूरच्या ईशान्येस कामठी ओलांडून पुढें गेलें म्हणजे कन्हान नदी लागते आणि तिच्या पलीकडच्या तीरावर त्याच नांवाचें गांव लागतें. १८८२ सालीं नागपूर-छत्तीसगड रेल्वेचा मार्ग या बाजूनें राजनांदगांवपर्यंत गेला, तेव्हांपासून आगगाडीचा खडखडाट या गांवाच्या अंगवळणीं पडलेला आहे. पुढें रामटेककडे जाणारा फांटाही येथूनच निघाला. जबलपूरचा हमरस्ता गांवावरूनच जातो आणि भोंवतालच्या मुलखांत कोळशाच्या खाणी आहेत. अशा ठिकाणीं रुळांच्या जवळ दोन माणसें बोलत उभीं असलीं आणि तेवढ्यांत मालगाडी आली, म्हणजे एक मौज हटकून दिसते. गाडीचा आवाज वाढेल तसतसा दोघांचाही आवाज चढत जातो. शेवटचा डबा दूर गेला तरी क्षणभर तीं ओरडूनच बोलत राहतात, आणि मग एकमेकांकडे पाहून हसतात व आवाज उतरवितात. आवाज चढविण्याचा निश्चय दोघांपैकीं कोणींच केलेला नसतो.

या साध्या अनुभवाचें शास्त्रीय वर्णन पॅरिसमधील कान-घशाचे वैद्य एत्येन लोंबार यांनीं १९११ सालीं केलें. बोलणाऱ्याच्या कानांत गोंगाट सोडला कीं त्याचा आवाज आपोआप चढतो व गोंगाट थांबविला कीं तो खालीं येतो, असें त्यांनीं दाखवून दिलें. आणि या प्रतिक्रियेला पुढें त्यांचेंच नांव मिळालें. कानाच्या हुकुमावरून कंठ अशा रीतीनें राबतो. परंतु त्या वेळीं कंठाच्या आंत काय घडतें, आणि निकोप कंठांत जें घडतें तेंच दुखावलेल्या कंठांत घडतें कीं काय, हा प्रश्न निराळा आहे. ज्यांचा चरितार्थच आवाजावर चालतो, अशा शिक्षकांना, गवयांना, नटांना, कीर्तनकारांना आणि गल्लोगल्लीं हांक देत फिरणाऱ्या भाजीवाल्यांना हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. त्याचें उत्तर मिळण्यास दोनशें वर्षांहून अधिक काळ लागला.

प्रथम एका नांवाचा इतिहास पाहिला पाहिजे. १७४१ सालीं आंत्वान फेरें या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञानें मृत प्राण्यांच्या स्वरयंत्रांतून हवा फुंकून आवाज काढून दाखविला. स्वरयंत्रांतील दोन कडांना त्यानें व्हायोलिनच्या तारांची उपमा दिली. तिच्यावरून त्या कडांना युरोपांत 'तारा' हें नांव पडलें, आणि आपल्याकडेही 'स्वरतंतु' हाच शब्द रूढ झाला. वस्तुतः त्या तारा नव्हेत. श्वासनलिकेच्या माथ्यावर, समोरून मागें जाणाऱ्या, स्नायूच्या व मऊ त्वचेच्या त्या दोन घड्या आहेत. त्यांचा कंप पावणारा भाग पुरुषांत सुमारें १६ मिलिमीटर व स्त्रियांत सुमारें १० मिलिमीटर, म्हणजे जोंधळ्याच्या दोन-चार दाण्यांएवढाच लांब असतो. श्वास घेतांना या घड्या दूर होतात. बोलतांना त्या जवळ येतात, फुफ्फुसांतून येणारी हवा त्यांच्याखालीं दाटते, घड्या क्षणभर उघडतात, हवेचा एक झोत निसटतो आणि घड्या पुन्हां मिटतात. पुरुषांच्या बोलण्यांत ही उघडझांक सेकंदाला शंभर-सव्वाशें वेळां होते, आणि स्त्रियांच्या बोलण्यांत सुमारें दोनशें वेळां होते. तार छेडली जाते; या घड्या मात्र एकमेकींवर आदळतात. हा भेद लक्षांत ठेवला म्हणजे पुढचें सर्व सोपें होतें.

जिवंत माणसाच्या गळ्यांत या घड्या हलतांना प्रथम नीट पाहिल्या त्या एका गवयानें. मानुएल गार्सिया हे पॅरिस व लंडन येथें गायन शिकवीत. १८५४ सालीं त्यांनीं दंतवैद्याचा एक लहान आरसा स्वतःच्या घशांत धरला, हातांतल्या दुसऱ्या आरशानें त्यावर सूर्यप्रकाश टाकला आणि आपलेच स्वरतंतू गातांना पाहिले. पुढच्या वर्षीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें त्यांचा निबंध वाचला गेला. घशाच्या रोगांचें आधुनिक वैद्यक त्या आरशापासून सुरू झालें, असें म्हणण्यास हरकत नाहीं. परंतु सेकंदाला शेंकडों वेळां होणारी हालचाल उघड्या डोळ्यांस दिसत नाहीं. ती केवळ धुरकट दिसते. १८७८ सालीं जर्मन वैद्य मॅक्स योझेफ ऊर्टेल यांनीं तुटक प्रकाशाची युक्ति योजिली. प्रकाशाच्या लखलखीचा वेग आवाजाच्या वेगाशीं जवळजवळ जुळविला, म्हणजे वेगवान् कंपही संथ झाल्यासारखा भासतो. या युक्तीस स्ट्रोबोस्कोप म्हणतात. पुढें १९४० च्या सुमारास अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सेकंदाला चार हजार चित्रें घेणाऱ्या चित्रपटावर स्वरतंतूंचा प्रत्येक हेलकावा निरनिराळा टिपण्यांत आला.

या उपकरणांनीं मोठ्या आवाजाचें जें रूप दाखविलें तें असें. साध्या संभाषणांत स्वरतंतूंखालील हवेचा दाब पाण्याच्या पांच ते दहा सेंटिमीटर उंचीच्या स्तंभाइतका असतो. मोठ्यानें बोलतांना तो वीसपर्यंत किंवा त्याहूनही वर जातो. दाब वाढला कीं घड्या अधिक दूर फेंकल्या जातात, अधिक वेगानें परत येतात, अधिक जोरानें मिटतात आणि मिटल्यावर अधिक वेळ मिटलेल्या राहतात. हवेचा झोत एकाएकीं तोडला गेल्यामुळेंच आवाज खणखणीत होतो. आवाज मोठा करतांना सूरही नकळत वर सरकतो, त्यामुळें सेकंदांतील आघातांची संख्याही वाढते. टाळी हळू वाजविली काय किंवा जोरानें वाजविली काय, हात तेच असतात. पण हळू वाजविलेल्या टाळीनें तळवे लाल होत नाहींत. मोठा आवाज हा लहान आवाजाचाच वाढविलेला भाग नसून, तो प्रत्येक खेपेस अधिक जोराचा आघात आहे.

या आघातांचा हिशेब केला असतां मन थक्क होतें. एखाद्या शिक्षिकेचे स्वरतंतू सेकंदाला दोनशें वेळां मिटतात असें धरलें, आणि दिवसभराच्या तासांतून विराम व मुलांचीं उत्तरें वगळून निव्वळ आवाज दोन तास निघाला असें मानलें, तर एका दिवसांत चौदा लाख चाळीस हजार आघात होतात. निसर्गानें ही रचना इतकी लवचिक केली आहे कीं, बहुतेक कंठांना हें सोसतें. जपानांतील कुरुमे येथील मिनोरु हिरानो यांनीं १९७४ सालीं तिचें मर्म उलगडलें. स्वरतंतूच्या आंत स्नायूचा घट्ट गाभा आणि वर पातळ, सैल, ओलसर आच्छादन असतें. गाभ्यावरून हें आच्छादन लाटेसारखें सरकतें, आणि ती लाट म्हणजेच आवाज. या आच्छादनाखालील सैल थर १८९५ सालीं राइनके यांनीं वर्णिला होता. आघात प्रमाणाबाहेर झाले म्हणजे त्याच थरांत सूज येते. रोज सूज आणि रोज पुन्हां आघात असें चाललें, तर दोन्ही घड्यांच्या कंप पावणाऱ्या भागाच्या मधोमध, जेथें टक्कर सर्वांत जोराची असते तेथें, समोरासमोर लहान गांठी उठतात. हातोडा धरणाऱ्याच्या तळव्यास घट्टे पडतात, तसाच हा प्रकार. शिक्षकांत, गायकांत, आणि मैदानावर किंचाळणाऱ्या मुलांत त्या वारंवार आढळतात.

आतां महाराष्ट्राच्या इतिहासाकडे वळलें पाहिजे; कारण मोठ्या आवाजाची जेवढी हौस या प्रांतानें केली तेवढी क्वचितच दुसऱ्या कोणीं केली असेल. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग पुण्यास झाला आणि मराठी संगीत रंगभूमीचें युग सुरू झालें. ध्वनिवर्धक त्या काळीं नव्हता. रात्रीं सुरू झालेलें नाटक पहांटेपर्यंत चालावें, 'वन्समोअर'च्या आरोळ्यांवर आरोळ्या याव्यात, आणि शेवटच्या रांगेंतील प्रेक्षकासही प्रत्येक शब्द ऐकूं जावा, ही नटाकडून अपेक्षा. भाऊराव कोल्हटकरांपासून केशवराव भोसल्यांपर्यंत ज्यांनीं उंच पट्टींत गाऊन थिएटरें दणाणून सोडलीं, त्यांच्या आठवणी घरोघरीं पिढ्यानुपिढ्या सांगितल्या गेल्या. ज्या असंख्य दुय्यम नटांचे गळे त्या पट्टीखालीं बसले, त्यांच्या आठवणी मात्र कोणी सांगितल्या नाहींत.

तथापि त्याच रंगभूमीनें दुसरी एक गोष्टही शिकविली. ८ जुलै १९२१ रोजीं मुंबईस 'संयुक्त मानापमाना'चा प्रयोग झाला, त्यांत केशवराव भोसले धैर्यधराच्या व बालगंधर्व भामिनीच्या भूमिकेंत एकत्र उभे राहिले. एकाचा आवाज तेजस्वी व चढा, दुसऱ्याचा मृदु व लडिवाळ. आणि दोन्ही आवाज ध्वनिवर्धकावांचून सर्व प्रेक्षागृहास पोंचले. आवाज दूर जाणें आणि स्वरतंतूंवर अधिक जोर पडणें, या दोन गोष्टी एक नव्हेत. घसा व मुख यांच्या पोकळ्या नीट जुळविल्या असतां त्याच श्वासांतून अधिक घुमारा मिळतो. स्वीडनचे योहान सुंडबर्ग यांनीं १९७० नंतरच्या दशकांत पाश्चात्य ऑपेरा-गायकांच्या बाबतींत हें मोजून दाखविलें. आपल्या गवयांनीं तें मापांवांचून कानानें ओळखलें होतें. परंतु ज्याला तें साधत नसे, त्याला जोर लावण्यावांचून गत्यंतर नसे.

जोर लावण्याचा परिणाम किती थोर कंठासही भोगावा लागतो, याचें सर्वांत मोठें उदाहरण उस्ताद अल्लादिया खां यांचें होय. त्यांचा जन्म १८५५ सालीं जयपूरकडील उनियारा येथें झाला. तरुणपणीं त्यांचा गळा तयारीचा व फिरतीचा म्हणून नांवाजलेला होता. माळव्यांतील आमलेटा या लहानशा संस्थानांत ते गेले, आणि तेथील गानलुब्ध अधिपतीपुढें त्यांना दिवसामागून दिवस, तासांमागून तास गावें लागलें. आश्रयदाता प्रसन्न असतां गवई नाहीं म्हणत नाहीं. हा त्या काळचा शिरस्ताच होता. शेवटीं एके दिवशीं कंठानेंच नाहीं म्हटलें. आवाज पार बसला, आणि सुमारें दोन वर्षें तो नीट परत आला नाहीं, अशी हकीकत त्यांच्या परंपरेंत सांगितली जाते. ज्याची सारी मिळकत गळ्यांत होती, त्याला हीं दोन वर्षें कशीं गेलीं असतील याची कल्पनाच करावी.

आवाज परत आला तो पहिल्यासारखा नव्हता. पूर्वींची चमक व लवचिकपणा गेला होता. अशा वेळीं दोन वाटा असतात. एक वाट म्हणजे पूर्वींचा आवाज जोर करून ओढून आणण्याची. दुसरी वाट म्हणजे उरलेल्या आवाजाची प्रकृति ओळखून तिला मानवेल असें गाणें घडविण्याची. अल्लादिया खांनीं दुसरी वाट धरली. खुला आकार, श्वासाची दीर्घ व हिशेबी वांटणी, लयीच्या अंगानें वळणें घेत जाणारी पेंचदार तान आणि अनवट रागांचा व्यासंग यांच्यावर त्यांनीं आपली गायकी नव्यानें उभारली. पुढें ते कोल्हापुरास छत्रपति शाहू महाराजांच्या दरबारीं राहिले, आणि १९२२ सालीं महाराज निवर्तल्यावर मुंबईस आले. भास्करबुवा बखले, केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर यांच्यासारखे शिष्य त्यांना लाभले. १९४६ सालीं मुंबईस त्यांचें देहावसान झालें, तेव्हां जयपूर-अत्रौली घराणें महाराष्ट्राच्या संगीताचा एक आधारस्तंभ होऊन बसलें होतें. एका बसलेल्या आवाजाची ही फलश्रुति आहे.

योगायोगानें गार्सियांच्या चरित्रांतही अशीच एक कथा आहे. १८४१ सालीं येनी लिंड ही स्वीडनची तरुण गायिका अति गाण्यानें थकलेला आवाज घेऊन त्यांच्याकडे पॅरिसला गेली. तिला शिकविण्यास त्यांनीं प्रथम नकारच दिला. कांहीं आठवडे गाणें तर नाहींच, पण बोलणेंही शक्य तितकें वर्ज्य करावयास सांगितलें, आणि ती विश्रांति झाल्यावर मगच पहिल्या पाठापासून आरंभ केला. तिची कीर्ति पुढें दोन खंडांत पसरली. अतिश्रम, आवाज जाणें, दीर्घ विश्रांति, आणि मग निराळ्या रीतीनें पुनरारंभ, हा क्रम दोन्ही कथांत एकच आहे, आणि आजचे कंठवैद्यही बहुधा हाच क्रम सांगतात.

विश्रांतीऐवजीं जोर लावण्याचा मोह माणसास कां होतो, याचें उत्तर स्ट्रोबोस्कोपनें दिलें, आणि या साऱ्या विषयाचें मर्म त्यांतच आहे. ज्याच्या स्वरतंतूंवर सूज किंवा गांठी आहेत, त्याला वैद्य हलक्या आवाजांत एक सूर धरावयास सांगतात, आणि मग तोच सूर मोठ्यानें धरावयास सांगतात. हलक्या आवाजांत हवेचा दाब थोडा असतो. तेवढ्या दाबानें जड झालेल्या घड्या हलूं लागत नाहींत, किंवा गांठींमुळें त्यांची कड पुरती मिटत नाहीं; मधल्या फटींतून हवा निसटते, सूर उशीरा लागतो, तुटतो, घोगरा येतो. तोच सूर मोठ्यानें काढला कीं वाढलेल्या दाबानें घड्या जबरीनें हलतात, जोरानें मिटतात, आणि आवाज पुष्कळदां स्वच्छ निघाल्यासारखा वाटतो. म्हणजे हलका आवाज रोग उघडा करतो आणि मोठा आवाज तो झांकतो. अमेरिकन वैद्य रॉबर्ट बॅस्टियन व त्यांचे सहकारी यांनीं १९९० सालीं याच तत्त्वावर एक सोपी परीक्षा सुचविली: उंच पट्टींत, पण अगदीं हळू, एखादी साधी ओळ गाऊन पाहावी, सूज असेल तर ती तेथेंच पकडली जाते.

दुखावलेल्या कंठाचा खरा सांपळा हाच. हळू बोललें तर शब्द उमटत नाहींत, म्हणून शिक्षक मोठ्यानें बोलतो. मोठ्यानें बोललें तर आवाज फुटतो, म्हणून त्याला वाटतें कीं गळा सुधारला. पण प्रत्येक मोठ्या शब्दाबरोबर आघात वाढतो, आघातानें सूज वाढते, आणि दुसऱ्या दिवशीं तेवढाच आवाज काढण्यास अधिक दाब लागतो. मान ताठते, गळ्याच्या शिरा फुगतात, संध्याकाळीं घसा दुखतो. आवाज साफ करण्यासाठीं वारंवार खांकरण्याची संवय लागते, आणि खांकरणें म्हणजे पुन्हां तीच टक्कर. कांहींजण जोरानें कुजबुजून बोलतात व त्यालाच विश्रांति समजतात. तीही विश्रांति नव्हे. चाबूक मारून थकलेला बैल चार पावलें चालतो. त्यावरून चाबूक हें औषध ठरत नाहीं.

येथें एक सावधगिरी अवश्य आहे. आवाजाचीं सर्व दुखणीं एका जातीचीं नसतात, आणि मोठ्या आवाजाचा परिणामही सर्वांत सारखा होत नाहीं. एका स्वरतंतूचा मज्जातंतु निकामी झाला म्हणजे ती घडी मध्यें येऊं शकत नाहीं. डुकराच्या मानेंतील हा मज्जातंतु कापतांच त्याचा आवाज बंद पडतो, हें ग्रीक वैद्य गॅलन यानें इसवी सनाच्या दुसऱ्या शतकांतच दाखविलें होतें. अशा रोग्यानें मोठ्यानें बोलूं जातांच उघड्या फटींतून हवाच वाहून जाते. दोन-चार शब्दांत दम संपतो, चेहरा लाल होतो, आणि आवाज वाढत नाहीं तो नाहींच. येथें उपाय जोरांत नसून फट मिटविण्यांत आहे. क्योटोच्या नोबुहिको इश्शिकी यांनीं १९७४ सालीं बाहेरून स्वरयंत्राच्या कूर्चेला खिडकी पाडून ती घडी मध्यभागीं सरकविण्याची शस्त्रक्रिया सुचविली, ती आज जगभर रूढ आहे.

कंपवातांत, म्हणजे पार्किन्सनच्या रोगांत, तर सर्व उलटेंच दिसतें. तेथें स्वरतंतू पुष्कळदां धनुष्यासारखे बांकून मध्यें फट ठेवतात, आणि रोग्याचा आवाज दिवसेंदिवस क्षीण होत जातो. विशेष असें कीं, स्वतः रोग्यास तो क्षीण वाटत नाहीं. घरचींच माणसें बहिरीं झालीं आहेत असें तो म्हणतो. १९८७ च्या सुमारास अमेरिकेंत लोरेन रॅमिग व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रोग्यांसाठीं मोठ्या आवाजाचीच उपचारपद्धति बसविली. चार आठवडे, आठवड्यांतून चार दिवस, देखरेखीखालीं, गळ्यावर ताण न देतां मोठ्यानें बोलण्याचा अभ्यास तींत करवितात. मोठ्या आवाजानें येथें घड्या जवळ येतात, श्वास खोल होतो, शब्दही स्पष्ट होतात. जो आघात गांठींना विष, तोच येथें औषध. यास्तव आवाज बसलेल्या प्रत्येकास एकच सल्ला देणारा माणूस, मग तो 'खुशाल ओरड' म्हणो कीं 'अगदीं बोलूं नको' म्हणो, अर्धाच खरा असतो.

आवाजाचें बळ फुफ्फुसांतून येतें, हेंही विसरतां कामा नये. कुमार गंधर्वांना क्षयानें गांठलें. ते १९४८ सालीं देवासला जाऊन राहिले, आणि कित्येक वर्षें त्यांचें गाणें बंद पडलें. एक फुफ्फुस अधू झाल्यावर पूर्वींचा लांब दम राहिला नव्हता. १९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हां गाऊं लागले तेव्हां छोट्या, नेमक्या, जागा भरून काढणाऱ्या आवाजाच्या फेंकीनें त्यांनीं आपलें गाणें नव्यानें घडविलें होतें. अल्लादिया खांचें वैगुण्य कंठांतलें आणि कुमारांचें श्वासांतलें; पण जें गेलें तें जबरीनें परत मागावयाचें नाहीं, हा विवेक दोघांचा एकच.

कुमारांचे गुरु प्रोफेसर बा. र. देवधर यांचा या विषयाशीं जवळचा संबंध आहे. विष्णु दिगंबरांच्या परंपरेंतले देवधर यांनीं १९२५ सालीं मुंबईस संगीतविद्यालय काढलें. पाश्चात्य देशांतील आवाजाच्या जोपासनेचें शास्त्र त्यांनीं अभ्यासिलें, आणि गाणें शिकविण्यापूर्वीं गळा कसा वापरावा हें शिकविलें पाहिजे असा आग्रह धरला. गळा म्हणजे ईश्वराची देणगी, ती असते किंवा नसते, ही समजूत आपल्याकडे दृढ होती. देणगीचीही राखण करावी लागते, हा विचार त्यांच्यासारख्यांनीं रुजविला. खर्जाचा मंद अभ्यास, ओठ मिटून केलेला हुंकार, हे जुने पाठही या दृष्टीनें पुन्हां पाहावयास मिळाले. तोंड मिटलेलें किंवा अरुंद असलें म्हणजे हवेचा दाब वरच्या बाजूसही थोडा राहतो, आणि घड्या फारशा न आदळतां सहज हलूं लागतात; हें तत्त्व आजच्या आवाज-उपचारांतही वापरतात. मुंबईस १९८३ सालीं स्थापन झालेल्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेसारख्या ठिकाणीं श्रवण व वाणी यांचें रीतसर शिक्षण मिळूं लागल्यापासून हें ज्ञान गवयांच्या बैठकींतून रुग्णालयापर्यंत आलें आहे.

दरम्यान यंत्रानेंही कंठाचा भार हलका केला. १९२५ नंतर ध्वनिमुद्रिका विजेच्या साह्यानें निघूं लागल्या, आणि कर्ण्यांत ओरडून गाण्याची गरज संपली. २३ जुलै १९२७ रोजीं मुंबईचें नभोवाणी केंद्र सुरू झालें. १६ जुलै १९४८ रोजीं नागपूरचें झालें. खोलींत बसून हळू बोलणाऱ्याचा शब्द शेंकडों मैलांवरच्या घरांत स्पष्ट ऐकूं येऊं लागला. उस्ताद अब्दुल करीम खांच्या सुकुमार स्वराला हजारों घरें मिळालीं, तीं या यंत्रांमुळेंच. शब्दाची महती त्याच्या जोरांत नसते, हें माणसास पटविण्याचें काम उपदेशापेक्षां ध्वनिक्षेपकानें अधिक केलें असेल. परंतु वर्गांत ध्वनिक्षेपक नसतो. पन्नास-साठ मुलें, पत्र्याचें छप्पर, खिडकीबाहेर रस्ता, आणि वर्षानुवर्षें रोज पांच-सहा तास. शिक्षकाचा कंठ आजही बव्हंशीं १८८० च्या नटासारखाच उघड्यावर आहे.

म्हणून त्याला ठाऊक असाव्या अशा गोष्टी थोड्याच आहेत, पण त्या मोलाच्या आहेत. सकाळीं उठल्यावर उंच सुरांत अगदीं हळू गुणगुणून पाहावें. नेहमीं लागणारा सूर लागेनासा झाला तर त्या दिवशीं गळ्यास सांभाळावें. पाणी वारंवार प्यावें, तंबाखू व धूर टाळावा, खांकरण्याऐवजीं आवंढा गिळावा. मोठ्यानेंच तेवढें नीट बोलतां येतें असें वाटूं लागलें, तर ती सुधारणा नसून इशारा आहे असें समजावें. घोगरेपणा तीन-चार आठवड्यांत गेला नाहीं, तर कान-नाक-घशाच्या वैद्याकडून स्वरतंतू पाहून घ्यावे. कारण त्यामागें क्वचित् गांठींहून गंभीर रोगही असतो, आणि तंबाखू खाणाऱ्या-ओढणाऱ्यानें तर मुळींच चालढकल करूं नये. गांठी वेळीं ओळखल्या तर पुष्कळदां शस्त्रक्रियेवांचून, केवळ बोलण्याची रीत सुधारून त्या मावळतात.

आणि रुळांलगतच्या शाळेंत शिकविण्याची पाळी आली, तर आणखी एक गोष्ट करतां येते, आणि तिला कोणतेंही उपकरण लागत नाहीं. मालगाडी येऊं लागली कीं वाक्य अर्ध्यावर थांबवावें. खडू फळ्यावर टेंकवून उभें राहावें. मुलें खिडकीकडे पाहतील, डबे मोजतील; मोजूं द्यावे. शेवटचा डबा कन्हानच्या पुलाकडे गेला, आवाज विरला, म्हणजे तेंच वाक्य साध्या आवाजांत पुन्हां सुरू करावें. लोंबारनें सांगितलेला कानाचा हुकूम त्या दोन मिनिटांत मोडला जातो, हजारों आघात वांचतात, आणि मुलांना शब्दही अधिक नीट ऐकूं येतो.